शंभर-नव्वद

माझी गाडी 2004 सालची, शंभर सीसीची. तिच्या दिव्याबद्दल एवढंच सांगतो, की दिवसा तो चुकून चालू राहिला तरी समोरून येणाऱ्या कुणीही आजवर बोटं उघडमीट करून मला खूण केलेली नाही. दिसलाच नसणार. त्यातून दिव्याचा करंट थेट मॅग्नेटोवरून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज करणाऱ्या यंत्रावरून. रेज केलं की उजेड, गाडी हळू केली की अंधार. म्हणजे रस्ता चांगला असेल तेव्हा रस्ता दिसतो, आणि खड्डा आला म्हणून वेग कमी करावा तर नेमका खड्डा दिसेनासा होतो.

"काका, वॅट वाढवा की!" आमच्या कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला. त्याचं माझं वय सारखंच आहे, पण ते असो.

नाना पेठेत गेलो. गाडीला मूळ बल्ब पस्तीस-पस्तीसचा, म्हणजे अप्परला पस्तीस वॅट आणि डिप्परलाही पस्तीस. दुकानदाराने साठ-पंचावन्नचा काढला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि तो आत ठेवून शंभर-नव्वदचा काढला. माणूस ओळखतात हे लोक. खोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत 'फक्त ऑफ-रोड वापरासाठी' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य होतं. पण मला जायचं होतं भोरला, सासुरवाडीला. कापूरहोळचं वळण घेतल्यानंतरचा रस्ता डोळ्यांपुढे आणला आणि आपण नियमात बसतो अशी खात्री झाली.

हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नसतं, तेलकट डाग पडला तर तिथे काच तापून बल्ब जातो, हे मी वाचलं होतं. तसं मी सांगेपर्यंत गॅरेजवाल्याने बल्ब काचेकडूनच धरला होता, त्याच हातात, ज्याने तो आत्ताच चेन वंगणत होता. बल्बच्या खाचा होल्डरला जुळेनात. त्याने कानस घेतली आणि जुळवल्या.

बटण दाबलं. आत नारिंगी काहीतरी उगवलं. देव्हाऱ्यातलं निरांजन बरं. मी रेज केलं, आणखी रेज केलं, शेजारच्या इस्त्रीवाल्याने कान झाकले, तरी रंग नारिंगीच. नंतर कळलं ते असं: त्या बिचाऱ्या मॅग्नेटोची ताकद पस्तीस वॅटपुरतीच. शंभरचा बोजा टाकला की व्होल्टेज बसतं, आणि व्होल्टेज निम्म्यावर आलं की उजेड निम्मा राहत नाही, दहाव्या हिश्शावर येतो. थोडक्यात, पैसे भरून मी आहे तो अंधार वाढवून घेतला होता.

"डीसी करून टाकू," गॅरेजवाला म्हणाला. म्हणजे दिवा बॅटरीवर. फ्यूज दोनदा उडाला. तिसऱ्यांदा त्याने त्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली आणि हात पुसले. या वेळी मात्र भिंत पांढरीफटक झाली. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत येऊन "कोण आहे रे?" म्हणाल्या.

शनिवारी निघालो. कापूरहोळला वळलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अप्पर मारला आणि काय सांगू! वडाच्या फांद्यांवरचं पान न् पान दिसत होतं. रस्ता तेवढा दिसत नव्हता, कारण फोकस वर गेला होता. समोरून येणारा प्रत्येक जण मला डिप्पर मारत होता. मी तो मान समजत होतो.

बॅटरी अडीच अँपिअर-तासांची आणि दिवा ओढणार आठ अँपिअर. हा भागाकार चौथीतलं पोर करील. मी तो भोरच्या अलीकडे चार किलोमीटरवर केला. आधी हॉर्न घोगरा झाला, मग इंडिकेटर लागेना, मग वडाची झाडं एकेक करून गेली. इंजिन तेवढं आपलं चालू.

मागून मुक्कामी एसटी आली. तिच्या लाल दिव्यामागे लागलो. ती थांबली की मी थांबायचो, ती निघाली की मी निघायचो. तिसऱ्या थांब्यावर कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "पाव्हणं, तिकीट काढून आतच बसा की."

दारात सासूबाई उभ्या होत्या. 'काय दिवे लावले' हे शब्द त्यांच्या जिभेपर्यंत आले आणि जावई म्हणून त्यांनी ते परत गिळले. गिळताना मला दिसले.

सकाळी तिथल्या मेकॅनिकने दिवा उघडला. होल्डर वितळून बल्बला चिकटला होता, मोराच्या मानेसारखा निळाजांभळा. रिफ्लेक्टरला आतून गंज, तोही आजचा नव्हे, आणि अर्थिंगची वायर नुसती टेकवलेली. त्याने रिफ्लेक्टर बदलला, वायर घट्ट केली, दिवा परत मॅग्नेटोवर घेतला, पस्तीसचाच बल्ब लावून फोकस खाली आणला. रात्री परतताना रस्ता दिसला. खड्ड्यांसकट.

शंभर-नव्वद अजून शाबूत आहे. स्वयंपाकघरातल्या खणात मेणबत्त्यांशेजारी असतो. घरातली लाइट गेली की बायको खण उघडते आणि अंधारातच विचारते, "मेणबत्ती लावू, का तुमचा तो काढू?"