घरपट्टी भरली म्हणजे वाढ मान्य केली?

‘घरपट्टी वाढवून आली तर एक रुपयाही भरू नका. भरलीत की वाढ मान्य केली असं धरतात. हरकतीचा अर्ज देऊन काही होत नाही, सरळ कोर्टात जा.’ हा मेसेज सध्या प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. त्यावर विसंबून लोक पैशाला आणि हक्कालाही मुकतात, म्हणून लिहितोय. मुंबईचा कायदा वेगळा आहे. मी राज्यातल्या बाकी महापालिकांबद्दल बोलतोय, जिथे 1949 चा महानगरपालिका अधिनियम चालतो.

भरली की मान्य केली, हे साफ उलटं आहे. कलम 406 प्रमाणे कोर्टात अपील करायचं तर वादातली रक्कम आधी आयुक्तांकडे जमा करावी लागते, नाहीतर अपील ऐकलंच जात नाही. न भरता बसलात तर थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती (दंड) चढते, म्हणजे वर्षाला 24. ‘हरकत कायम ठेवून भरत आहे’ असं लेखी द्या आणि भरा.

सरळ कोर्टात जाता येत नाही. आधी आयुक्तांकडे तक्रार, म्हणजे हाच हरकतीचा अर्ज, केलेली असावी, तिचा निकाल लागलेला असावा, आणि मग 15 दिवसांत अपील. पहिली पायरीच गाळली तर अपील तिथेच अडतं.

अर्ज देऊन काही होत नाही, हे मला मुळीच पटत नाही. आमच्या वडिलांच्या घराच्या नोटिशीत जिन्याखालची जागा ‘बिगरनिवासी’ लावली होती. तिथे एक सायकल आणि रिकामं सिलिंडर, बाकी काही नाही. आम्ही फोटो, घरगुती दराचं वीजबिल आणि मंजूर नकाशा जोडून साधा अर्ज दिला. वकील नव्हता. सुनावणी दहा मिनिटांत आटोपली आणि नोंद दुरुस्त झाली.

मात्र ‘कर फार झाला’ एवढंच लिहून भागत नाही. घराला वर्षाला जे भाडं येऊ शकेल त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करून करयोग्य मूल्य, म्हणजे ज्यावर कर लागतो तो आकडा, काढतात. चूक बहुधा त्याच्या मुळाशी असते: क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, स्वतः राहता की भाडेकरू. महापालिकेचं आकारणी पुस्तक, म्हणजे या नोंदींची वही, फुकट पाहता येतं, उतरून घेता येतं. टेप घेऊन खोल्या मोजा, आकडे शेजारी शेजारी मांडा. नोटिशीवरच्या मुदतीच्या आत अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.