सीमेवरची रांग, चिप आणि एआयचं श्रेय

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय, एआयने सीमेवरच्या रांगा संपवल्या, यंत्र चेहरा पाहून लबाड ओळखतं, ते भेदभाव करत नाही, त्यामुळे आता अधिकारी हवेतच कशाला? यातलं पहिलं विधान अर्धं खरं आहे. बाकीच्यांची अवस्था त्याहून वाईट.

"रांगा संपल्या." ई-गेटवर, म्हणजे पासपोर्ट आणि चेहरा यंत्रानेच तपासणाऱ्या दारावर, वेळ वाचतो, हे मान्य. पण त्यातलं मोठं श्रेय पासपोर्टातल्या चिपचं. चिपमधल्या माहितीवर पासपोर्ट देणाऱ्या देशाची डिजिटल सही असते आणि गेट ती क्षणात पडताळतं. चिपचा पासपोर्ट मलेशियाने १९९८ मध्येच काढला होता, तेव्हा एआयचा गवगवाही नव्हता. एआयचं काम त्यापुढचं: समोरचा चेहरा आणि चिपमधला फोटो एकाच माणसाचा आहे का, एवढंच सांगायचं. उपयोगी काम आहे, पण तेवढंच. आणि रांग कधीकधी वाढतेही. युरोपीय संघाने १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू केलेल्या प्रवेश-निर्गमन प्रणालीत बाहेरच्या प्रवाशाला पहिल्या खेपेला चेहऱ्याची आणि बोटांच्या ठशांची नोंद करावी लागते. शिक्का मारण्यापेक्षा त्याला वेळ जास्तच लागणार.

"यंत्र खोटं पकडतं." इथे जरा थांबायला हवं, कारण हा प्रयोग खरोखर झालाय. आयबॉर्डरकंट्रोल नावाच्या प्रकल्पावर युरोपीय संघाने सुमारे ४५ लाख युरो घातले. पडद्यावरचा आभासी अधिकारी प्रश्न विचारणार आणि कॅमेरा चेहऱ्याच्या बारीक हालचालींवरून खरंखोटं ठरवणार, अशी कल्पना. २०१९ मध्ये एका पत्रकाराने सोळा प्रश्नांची खरी उत्तरं दिली, तर यंत्राने त्यातली चार खोटी ठरवली. घाबरलेला, थकलेला, परकी भाषा बोलणारा माणूस आणि लबाड माणूस यांचे चेहरे वेगळे दिसतात, याला भक्कम शास्त्रीय आधारच नाही.

बरं, यंत्र ९९ टक्के अचूक आहे असं धरून चालू. एक लाख प्रवाशांत दहा जण खरे लबाड असतील, तर जवळजवळ हजार निर्दोष माणसं बाजूला काढली जातील. प्रत्येकाची दहा मिनिटं चौकशी केली तरी १६६ तास गेले. रांग संपली नाही. पुढच्या खोलीत गेली.

"यंत्र भेदभाव करत नाही." अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये चेहरा ओळखणारे १८९ अल्गोरिदम (म्हणजे संगणकाच्या कार्यपद्धती) तपासल्याचा अहवाल दिला. अनेकांमध्ये दोन वेगळ्या व्यक्ती एकच समजण्याची चूक आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत गोऱ्यांपेक्षा दहा ते शंभर पट जास्त आढळली. (सगळे सारखे नव्हते, काहींमध्ये फरक फार कमी होता. म्हणजे कोणतं विकत घेतलं, याला महत्त्व आहे.) ही चूक फक्त अन्यायाची नाही. गेटवर ती झाली तर दुसऱ्याच्या पासपोर्टवर तिसराच आत जातो. "सुरक्षित" म्हणून मिरवणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

"अधिकारी हवेत कशाला?" ७ मे २०२४ ला ब्रिटनभरची ई-गेट्स नेटवर्कच्या बिघाडामुळे काही तास बंद पडली. विमानतळांवर लांबच लांब रांगा लागल्या आणि प्रवाशांना हाताने तपासून सोडणारे अधिकारीच होते. शिवाय ज्याच्याकडे पासपोर्टच नाही, जो जीव वाचवून पळालाय, त्याचा चेहरा गेट कशाशी जुळवणार? त्याची हकीकत ऐकून घ्यायला, उलटसुलट प्रश्न विचारायला आणि निर्णयाखाली सही करायला खिडकीपलीकडे कुणीतरी बसलेलं लागतं.