जहाजावर गेलं की डॉलर मिळतात म्हणे!

चवथीला डिचोलीला घरी गेलो होतो. आरती झाली आणि पुतण्या मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसला. "काका, आर्मीत पैसेच नाहीत मरे! मी तो फॉर्म भरत नाही." मेसेज आमच्या वाड्याच्या ग्रुपवर आला होता. त्याआधी तो वहिनीच्या भजनी मंडळात फिरून आला होता, म्हणजे घरात त्यावर शिक्कामोर्तब झालेलंच.

मजकूर थोडक्यात असा: नौदलाचा पगार लष्कराच्या दुप्पट, हवाई दलाचा दीडपट. जहाजावर गेलं की पगार डॉलरमध्ये, वर टॅक्स नाही. मिलिटरी सर्व्हिस पे (सैनिकी सेवेबद्दल मूळ वेतनाशिवाय मिळणारी रक्कम) फक्त नौदल आणि हवाई दलाला. तटरक्षक दलात सगळं नौदलासारखंच. म्हणून गोव्याच्या मुलांनी पायदळाच्या वाटेला जाऊ नये. दहा जणांना पाठवा.

मी नौदलात 15 वर्षं काढली, 2019 ला पेटी ऑफिसर म्हणून बाहेर पडलो. दुप्पट पगार कुणाला मिळाला असेल तर त्याने जरूर सांगावं, मी माझी थकबाकी मागायला जातो.

आधी डॉलरचं बघू, कारण वहिनीला नेमकं तेच पटलं होतं. हा शोध कुठून लागला ते गोव्यात कुणाला सांगायला नको. सासष्टीतला तारवटी, म्हणजे आमच्याकडचा बोटीवर जाणारा, खासगी कंपनीच्या जहाजावर करारावर जातो, पगार डॉलरमध्ये ठरतो. वर्षातला अर्ध्याहून जास्त काळ देशाबाहेर गेला की आयकराच्या हिशेबात तो अनिवासी ठरू शकतो, म्हणून त्या पगारावर इथे कर लागत नाही. हे खरं आहे, पण ते तारवट्याचं. नौदलाचा खलाशी हा केंद्र सरकारचा नोकर. जहाज एडनच्या आखातात असो की कारवारला, पगार रुपयांत गावच्या बँक खात्यात जमा होतो. भारतीय नागरिकाला सरकारने दिलेला पगार परदेशातल्या सेवेबद्दल असला तरी तो भारतातच मिळाला असं आयकर कायदा मानतो. माझा टॅक्स पगारातूनच कापून जायचा. दोघेही जहाजावर आणि दोघेही पांढऱ्या कपड्यांत, म्हणून पगारही एक? मग दाबोळी विमानतळावरचे सामान उचलणारेही वैमानिक झाले.

आता ते 'दुप्पट'. सातव्या वेतन आयोगाने तिन्ही दलांसाठी एकच तक्ता केला, तो 1 जानेवारी 2016 पासून लागू आहे. लष्कराचा शिपाई, नौदलाचा सीमन, हवाई दलाचा एअरक्राफ्ट्समन हे तिघेही लेव्हल 3 ला, सुरुवातीचं मूळ वेतन 21,700. लेफ्टनंट, सब लेफ्टनंट, फ्लाइंग ऑफिसर हे तिघेही लेव्हल 10 ला, 56,100. मिलिटरी सर्व्हिस पेसुद्धा तिन्ही दलांत सारखाच: जवान आणि जेसीओंना (सुभेदारासारखे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) 5,200, ब्रिगेडियर आणि त्याच्या बरोबरीच्या हुद्द्यापर्यंत अधिकाऱ्यांना 15,500. लष्कराला तो नाही हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं देव जाणे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, नाइलाजाने. एकाच वेळी भरती झालेले दोन मित्र, एक हवाई दलात आणि एक पायदळात, यांची पे स्लिप शेजारी ठेवली तर हवाई दलवाल्याची जड दिसू शकते. कारण आहे ग्रुप एक्स. मान्यताप्राप्त डिप्लोमाच्या तोडीचं तांत्रिक काम असलेल्यांना महिन्याला 6,200 वेगळे मिळतात, आणि असे ट्रेड हवाई दलात आणि नौदलात जास्त. पण तो पैसा कामाचा आहे, वर्दीच्या रंगाचा नव्हे.

भत्त्यांचंही तसंच. 1 जुलै 2017 ला लागू झालेले महिन्याचे दर बघा (महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेला की हे दर 25 टक्क्यांनी वाढतात, 2024 ला तसे वाढले): समुद्रावरच्या ड्यूटीचा भत्ता जवानाच्या हुद्द्याला 6,000. पाणबुडीवर 17,300. आणि सियाचीनला? 30,000. अधिकाऱ्याला 42,500. या सगळ्यांत मोठा भत्ता बर्फात उभ्या राहणाऱ्याचा, म्हणजे बहुतेक वेळा पायदळाच्या माणसाचा. त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. शिवाय भत्ता नेमणुकीबरोबर येतो आणि नेमणुकीबरोबर जातो. माझी जहाजावरून दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावर बदली झाली त्या महिन्यापासून समुद्राचा भत्ता बंद. नावापुढे 'आयएनएस', म्हणजे भारतीय नौदलाचं जहाज, असं आहे म्हणून तळ काही तरंगत नाही.

तटरक्षक दलाचं दोन ओळींत आटपतो. वास्कोत त्यांची पांढरी जहाजं दिसतात, दल संरक्षण मंत्रालयाखालीच आहे, पण पगार नागरी तक्त्यावर आणि मिलिटरी सर्व्हिस पे नाही. म्हणजे 'नौदलासारखंच' हेही गेलं.

एवढं सगळं सांगून झाल्यावर पुतण्याला विचारलं, तू भरती कशात होणार? अग्निवीर. मग ही सगळी चर्चाच फुकट! 2022 पासून जवान पातळीवर बहुतेक तीच, चार वर्षांची भरती आहे, आणि तिथे तिन्ही दलांचा आकडा एकच: पहिल्या वर्षी महिन्याला 30,000, पुढे 33,000, 36,500, चौथ्या वर्षी 40,000. त्यातले 30 टक्के सेवा निधीला (चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या रकमेला) कापतात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात 21,000. महागाई भत्ता नाही, मिलिटरी सर्व्हिस पे नाही. जोखमीचे भत्ते मिळतात, तेही नेमणुकीप्रमाणे. चार वर्षांनी फार तर 25 टक्के मुलं कायम होतात. बारावी झालेल्या मुलाने डोकं खाजवायचं तर यावर खाजवावं. बाहेर पडल्यावर हातात कुठलं कौशल्य असेल, हे विचारावं. ज्या मेसेजमुळे तो फॉर्म सोडायला निघाला, त्यात 'अग्निवीर' हा शब्दच नाही.

रात्री वाड्याच्या ग्रुपवर वेतन आयोगाच्या तक्त्याचा फोटो टाकला. ज्याने मूळ मेसेज टाकला होता त्याने हात जोडलेली खूण पाठवली. मेसेज अजून काढलेला नाही. पुतण्याने फॉर्म भरला, लष्कराचा आणि नौदलाचा, दोन्हींचा.