ताप नसताना गोळ्या का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आफ्रिकेतल्या मलावी या देशात गरोदर बायांना देतात त्या हिवतापाच्या गोळ्यांवरचा लेख वाचून तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचं म्हणणं असं: ताप नाही, रक्त तपासलेलं नाही, तरी पोटुशीला औषध देणं म्हणजे गरीब बायांवर प्रयोग, आणि एवढं गुणकारी असेल तर गडचिरोलीत का देत नाहीत?

ताप नाही म्हणजे हिवताप नाही, हे तिथे खरं नाही. लहानपणापासून डास चावून चावून मलावीतल्या मोठ्या माणसांत थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते. जंतू अंगात असूनही बाई शेतात राबते, पाणी भरते. पण दिवस गेले की वार (गर्भाला पोसणारा अवयव) तयार होते आणि फाल्सिपेरम या घातक हिवतापाच्या जंतूंना नवी जागा सापडते. बाधित तांबड्या पेशी वारेतल्या कोंड्रॉयटिन सल्फेट ए या पदार्थाला चिकटतात. पहिलटकरणीच्या शरीराला हे अगदीच अनोळखी, म्हणून तिला धोका सर्वांत जास्त. बोटातून काढलेल्या रक्तात कित्येकदा काहीच दिसत नाही, आणि जंतू वारेत ठाण मांडून बसलेले असतात. आईचं रक्त कमी होतं, बाळ अडीच किलोही भरत नाही. अशा ठिकाणी ताप यायची वाट कशी पाहायची?

प्रयोगाचा आरोप मला मुळीच मान्य नाही. ताप नसतानाही गरोदर बाईला या गोळ्या देण्याचं धोरण जगात सर्वांत आधी मलावीनेच 1993 मध्ये स्वीकारलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2012 मध्ये शिफारस सुधारली: चौथ्या महिन्यापासून दर तपासणीला, किमान महिन्याच्या अंतराने, सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन या औषधाच्या तीन गोळ्या नर्ससमोरच गिळायच्या. उपाशीपोटीही चालतात. असे निदान तीन डोस. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल किंवा एचआयव्हीसाठी कोट्रायमोक्साझोल हे सल्फाचंच दुसरं औषध चालू असेल, तर देत नाहीत. फॉलिक अ‍ॅसिडची पाच मिलिग्रॅमची गोळी, जी आपल्याकडे सर्रास लिहून देतात, ती या औषधाचा असर मारते, तिथे 0.4 मिलिग्रॅमची द्यावी लागते. अमेरिकी प्रवाशांना त्वचेच्या जीवघेण्या रिअ‍ॅक्शन आल्या, हा तुमचा दाखला खरा आहे. पण ते प्रवासी हे औषध दर आठवड्याला घेत होते. मला राग येतो तो याचा, की 2022 मध्येही आफ्रिकेतल्या निम्म्या गरोदर बायांना तीन डोस मिळाले नव्हते.

खरा अवघड प्रश्न तुम्ही विचारलाच नाही. पूर्व आफ्रिकेत जंतू या औषधाला पूर्वीसारखे दाद देत नाहीत. म्हणून केनिया, मलावी आणि टांझानियात डायहायड्रोआर्टेमिसिनिन-पिपेराक्विन हे हिवतापाचं दुसरं औषध देऊन पाहिलं. हिवताप त्याने जास्त आवरला, पण बाळांचं वजन जुन्याच औषधाने बरं भरलं. असं का, याचा उलगडा पुरता झालेला नाही. जुनं औषध हिवतापापलीकडच्या काही संसर्गांवरही काम करत असावं, असा अंदाज आहे. म्हणून ते आजच टाकून देऊ नये, असं माझं मत.

आता गडचिरोली. महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार तिथे आहे, पण तो आफ्रिकेइतका दाट नाही. त्यामुळे तिथल्या बाईत तशी प्रतिकारशक्ती नसते, जंतू शिरला की बहुधा ताप येतोच. शिवाय भारतात व्हायवॅक्स हा हिवतापाचा दुसरा प्रकारही आहे, आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन हेच औषध आपण ईशान्य भारताबाहेर आर्टेसुनेट या औषधाच्या जोडीने फाल्सिपेरमच्या उपचारात वर्षानुवर्षे वापरत आलो. जंतू त्याला सरावू नयेत, म्हणून तेच सरसकट वाटणं शहाणपणाचं नाही. तिथे गरोदर बाईला औषध लावलेली मच्छरदाणी हवी, आणि अंग तापलं की आशाताईकडच्या किटवर त्याच दिवशी तपासणी. किट संपलं म्हणून बाईला परत पाठवलं जात असेल, तर त्यावर तुम्ही जरूर लिहा, मी सोबत आहे.