राणी ॲनच्या आधीची दोनशे चाळीस वर्षं

पुस्तक दिन जवळ आला की एक मजकूर दरवर्षी फिरतो. त्याचा सारांश असा: "पूर्वी कोणीही कोणाचंही पुस्तक छापायचं, लेखकाला काहीच हक्क नव्हता. राजांनी लेखकांच्या रक्षणासाठी छपाईच्या सनदा दिल्या. मग १७१० साली इंग्लंडच्या राणी ॲनने कॉपीराइटचा कायदा केला आणि पुस्तक ही लेखकाची कायमची मालमत्ता झाली." मुद्रितं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावरचं 'सर्व हक्क स्वाधीन' मी शेकडो वेळा वाचलं असेल, म्हणून हा मजकूर नुसता पुढे ढकलवत नाही. यातला जवळजवळ प्रत्येक दावा तपासला की निसटतो.

कोणीही काहीही छापायचं, हा पहिला. १४६९ साली व्हेनिसच्या सरकारने योहान फॉन श्पायर या जर्मन मुद्रकाला पाच वर्षांचा मक्ता दिला: व्हेनिसच्या हद्दीत त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणी छापखानाच चालवायचा नाही. पुढच्या काही महिन्यांत तो वारला आणि मक्ताही त्याच्याबरोबर गेला, म्हणून व्हेनिसमध्ये बाकीचे छापखाने उभे राहिले. १४९६ मध्ये आल्दुस मानुतियुस या मुद्रकाला ग्रीक पुस्तकांसाठी वीस वर्षांची सनद मिळाली. इंग्लंडमध्ये तर १५५७ च्या सनदेने सगळी छपाई लंडनच्या 'स्टेशनर्स कंपनी' या धंदेवाल्यांच्या मंडळीच्या हाती गेली. सनदेत ९७ सभासदांची नावं होती. मंडळीचा सभासद असल्याशिवाय किंवा राजाची वेगळी परवानगी असल्याशिवाय छापायला बंदी होती. कोणाच्याही छापखान्यात शिरून झडती घ्यायची, बेकायदा पुस्तकं जप्त करायची, माणसाला कैदेत टाकायचं, हे अधिकारही मंडळीला मिळाले. म्हणजे मोकळं रान नव्हतंच. होतं ते कुंपण, आणि ते बरंच उंच होतं.

ते कुंपण लेखकासाठी घातलं होतं का? सनदा कशाकशाच्या होत्या ते बघा. रिचर्ड टॉटेलकडे कायद्याची पुस्तकं, क्रिस्टोफर बार्करकडे बायबल. १५७५ साली टॉमस टॅलिस आणि विल्यम बर्ड या संगीतकारांना एकवीस वर्षांची सनद मिळाली. ते दोघं स्वतः रचनाकार होते, तेव्हा इथे तरी निर्मात्याचं रक्षण दिसतं असं वाटेल. पण त्या सनदेत इतरांच्या गाण्यांची छपाई होती आणि स्वरलेखनासाठी रेघा आखलेला कोरा कागदही होता. कोऱ्या कागदाला कोण लेखक असतो?

सगळ्यात जास्त पैसा मात्र मुलांच्या पहिल्या पुस्तकात होता. अक्षरओळख आणि सोबत लहानशी धर्मप्रश्नोत्तरी, असं हे पुस्तक घरोघर लागायचं आणि मुलांच्या हातात फाटून पुन्हा लागायचं. त्याचा मक्ता जॉन डे या मुद्रकाकडे होता. रॉजर वॉर्ड नावाच्या गरीब मुद्रकाने त्याच्या दहा हजार प्रती चोरून छापल्या, वर डेचंच नाव घातलं. १५८२ मध्ये प्रकरण राजसत्तेच्या 'स्टार चेंबर' न्यायालयात गेलं. त्याच सुमारास जॉन वुल्फ हा मुद्रक उघड म्हणत होता की, एकट्या ल्यूथरने धर्म सुधारला तसा मी एकटा हा धंदा सुधारीन. चार चांगली पुस्तकं मोजक्या लोकांकडे आणि बाकीचे मुद्रक उपाशी, ही त्याची तक्रार खरी होती. शेवटी मक्तेदारांनी काही पुस्तकं मंडळीतल्या गरिबांसाठी सोडून दिली. वुल्फलाही आत घेण्यात आलं, आणि पुढे मंडळीचा अंमलदार होऊन तोच चोरट्या छापखान्यांच्या मागे लागला. या सगळ्या भांडणात लेखक कुठेच नाही. राजसत्तेला धर्मविरोधी आणि राजद्रोही मजकुरावर पहारा हवा होता, मुद्रकांना मक्ता हवा होता. दोघांची गरज एकमेकांत बसली.

'कॉपी' हा शब्दही तिथलाच. मंडळीच्या वहीत एखादा मजकूर सभासदाच्या नावावर चढला की ती त्याची 'कॉपी'. आपल्याकडच्या छापखान्यांतही खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या हाती येणाऱ्या मजकुराला कॉपीच म्हणत. त्या कॉपीवरचा हक्क तो कॉपीराइट, आणि लेखक सभासद नसल्यामुळे वहीत तो मालक म्हणून येत नसे.

तरीही 'लेखकाला काहीच नव्हतं' हेही खरं नाही, आणि इथे मजकूर उलट्या बाजूने चुकतो. १४८६ साली व्हेनिसने मार्कान्तोनियो साबेल्लिको या इतिहासकाराला असा अधिकार दिला की, त्याने लिहिलेला व्हेनिसचा इतिहास तो निवडेल त्याच मुद्रकाने छापायचा. दुसऱ्याने छापला तर ५०० दुकातांचा, म्हणजे सोन्याच्या नाण्यांचा, दंड. १५४५ पासून तिथे लेखकाच्या संमतीशिवाय छापायला मनाई झाली. आपल्या जवळचं उदाहरण लुईश द कामोंइश या पोर्तुगीज कवीचं. तो गोव्यात राहिलेला. त्याची पहिली छापील कविता गोव्यातच, १५६३ साली गार्सिया द ओर्ताच्या औषधींवरील ग्रंथात आली. त्याच्या महाकाव्याला १५७१ मध्ये राजा सेबास्तियांवने दहा वर्षांची सनद दिली. कवीच्या परवानगीशिवाय कोणी ते छापायचं नाही, विकायचं नाही आणि विक्रीसाठी हिंदुस्थानात न्यायचंही नाही. मोडल्यास पन्नास क्रुझादो (पोर्तुगीज नाणी) दंड, त्यातला अर्धा कवीला. मला ही सनद फार मोलाची वाटते. पण छापण्याआधी काव्य धर्मन्यायालयाने तपासायचं, ही अट तिच्यातच होती. ही एकेका माणसावरची मेहेरनजर होती; दुसऱ्या कवीला ती मागता यायची, हक्काने घेता यायची नाही.

मिळूनही उपयोग होईलच असं नव्हतं. १६२३ मध्ये कवी जॉर्ज विदरला इंग्लंडच्या राजाने त्याच्या स्तोत्रांसाठी तब्बल ५१ वर्षांची सनद दिली. स्टेशनर्स मंडळीने विरोध केला, विक्रेत्यांनी पुस्तक दुकानात ठेवायचं नाकारलं. मिल्टनने १६६७ मध्ये पाच पौंड रोख आणि प्रत्येक आवृत्ती संपली की आणखी पाच, असा करार करून आपलं महाकाव्य प्रकाशकाला दिलं. त्याच्या विधवेने उरलेला हक्क आठ पौंडांना सोडला.

आता राणी. कायदा संसदेचा, नाव राणीचं, कारण राज्य तिचं. १६९५ साली छपाईला परवाना सक्तीचा करणारा जुना कायदा संपला आणि मंडळीची पकड सुटली. तो परत आणा म्हणून पुस्तकविक्रेत्यांनी वारंवार अर्ज केले, ते फेटाळले गेले. मग त्यांनी 'चोरट्या छपाईने लेखक आणि त्यांची कुटुंबं बुडतात' हा सूर धरला. १७१० च्या कायद्याच्या नावातच हक्क 'लेखकांना किंवा कॉपी विकत घेणाऱ्यांना' आहे. नव्या पुस्तकाला १४ वर्षं, लेखक जिवंत असेल तर आणखी १४. आधीच छापलेल्या पुस्तकांना मात्र सरसकट २१ वर्षं, आणि ती बहुतेक विक्रेत्यांच्याच हातात होती. लेखकाचा हक्क पहिल्यांदा इंग्लंडच्या कायद्यात आला, हे मोठंच झालं. मात्र जोर लावला होता दुकानदारांनी.

'कायमची मालमत्ता' हा शब्द तर सगळ्यात चुकीचा. मुदत संपल्यावरही हक्क आमचाच, असं लंडनचे विक्रेते म्हणत राहिले, आणि १७६९ मध्ये एका न्यायालयाने ते मानलंही. एडिंबराच्या अलेक्झांडर डोनाल्डसन या पुस्तकविक्रेत्याने जेम्स टॉमसनच्या कविता स्वस्तात छापल्या होत्या. टॉमसन १७४८ सालीच वारला होता. भांडत होते ते त्याचे हक्क विकत घेतलेले लोक. १७७४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने डोनाल्डसनच्या बाजूने निकाल दिला: मुदत संपली की पुस्तक सगळ्यांचं. आज भारतात ती मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं आहे. ब्रिटनमध्ये राजा जेम्सच्या काळातलं १६११ चं बायबल छापायला मात्र अजूनही राजसत्तेची सनद लागते, कारण ते कॉपीराइटच्या कायद्यात आलंच नाही. जुन्या सनदेतच राहिलं.