इत्ताच पढ्या?

आज २७ फेब्रुवारी २०२२, मराठी भाषा गौरव दिन, त्यामुळं सकाळपासून मोबाईलवर मायमराठीच्या शुभेच्छा धो धो पडायल्यात. पाठवणाऱ्यांची लेकरं इंग्रजी शाळेत. (माझंही.) ते जाऊ द्या. मंगळवारी शिवरात्र. थंडी शिव शिव म्हणत निघायच्या आधीचे हे तीन-चार दिवस मला वर्षभरात सगळ्यांत जास्त आवडतात. पहाटे गोधडी लागते, दुपारी बाभळीची का होईना सावली लागते. अशा रविवारी माणसानं कुणावर चिडू नये. पण चिडलोय.

औशाकडं एका मित्राच्या शेतावर गेलो होतो. हुरडा केव्हाच संपला, ज्वाऱ्या काढणीला आल्यात. पण ह्या गड्यानं एक तुकडा हरभरा उशिरा पेरलेला, त्याचा हुळा होता. आम्ही सात-आठ जण, सगळे चाळिशीतले. काट्याकुट्याचा जाळ, त्यात टाकलेला हरभरा, काळी बोटं, वर ताक. लई झकास चाललं होतं. मग एकानं मोबाईल आडवा धरून रशियानं युक्रेनवर केलेल्या हल्ल्याच्या बातम्या लावल्या. अन् सुरू झालं. "बघ, बघ, कसं हाणायलाय!" "दोन दिवसांत कीव्ह घेतो बघ." "होऊ दे एकदाचं तिसरं महायुद्ध!" आयपीएलसारखं. बिल्डिंगीला मिसाईल लागलेली क्लिप तर मागं घेऊन परत बघितली.

कीव्हमध्ये माणसं लेकराबाळांसकट मेट्रोच्या फलाटावर झोपायलीत. खारकीव्हमध्ये डॉक्टरकी शिकायला गेलेली आपली पोरं तळघरात. त्यावर आमच्यातला एक शहाणा म्हणतो, "कुणी सांगितलं होतं तिकडं जायला? नीटमध्ये मार्क पडले नाहीत, म्हणून गेले."

हे लातूरच्या माणसानं म्हणावं! ज्या गावात निम्म्या गल्ल्या दुसऱ्यांच्या पोरांना खोल्या भाड्यानं देऊन जगतात, त्या गावच्या माणसानं. ह्याचा स्वतःचा वरचा मजला नीटवाल्या पोरांनी भरलाय.

दूतावासानं १५ तारखेलाच निघायला सांगितलं होतं, हे खरं. मान्य. पण कॉलेज चालू, तिकिटं महाग, अन् बापानं दोन एकर विकून पाठवलेलं. तुम्ही निघाला असता?

मला चाची आठवल्या.

१९९०. गंगाखेडला आम्ही ज्या वाड्यात भाड्यानं राहायचो, तिथं शेजारच्या दोन खोल्यांत चाची. चाचा कुवेतला वेल्डिंगच्या कामावर. २ ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. गुरुवार होता. परवाचं रशियाचंही गुरुवारीच, पण त्यात काही नाही, उगीच आपलं लक्षात आलं. रेडिओ वाड्यात सगळ्यांकडं होता, पेपर फक्त आमच्याकडं यायचा, तोही दुपारच्या एसटीनं. चाचींना मराठी बोललेलं सगळं कळायचं, वाचता यायचं नाही. त्यामुळं मी शाळेतून आलो की त्या पायरीवर येऊन बसायच्या. "पढ रे बाबा, क्या आया आज."

मी पाचवीत. पहिले दोन दिवस सगळं वाचलं. तिसऱ्या दिवशी सद्दामच्या विषारी वायूबद्दल आलं होतं. मी चाचींकडं बघितलं अन् तो मजकूर गाळला. मग रोजच गाळायला लागलो. माझं वाचून झालं की चाची त्या कॉलमवर वरून खालपर्यंत बोट फिरवायच्या. "इत्ता बडा छपेला है, अन् तू इत्ताच पढ्या?"

मी म्हणायचो, बाकी जाहिरात आहे.

तर मुद्दा असा, की त्या चॅनेलवाल्यांना कुणीतरी चाचींसमोर बसवून बातम्या वाचायला लावलं पाहिजे. त्यातल्या एकाचाही आवाज चढणार नाही. स्टुडिओत रणगाड्यांची चित्रं नाचवायलेत, मागं ढोल-ताशा. लाज वाटत नाही?

थांबा. आता खरं लिहितो.

हुळा खाताना कुणीतरी म्हणालं की क्रूड शंभर डॉलरच्या वर गेलंय, दहा मार्चला यूपीचा निकाल लागला की इथं डिझेल वाढणार. दुसरा म्हणाला, सूर्यफुलाचं तेल तर सगळं युक्रेनचंच, ते बंद पडलं की सोयाबीन वर जाणार, कुणी विकू नका. (आपल्याकडं करडईचे पट्टे होते, घाण्याचं तेल होतं. सोयाबीनच्या नादात आपणच मोडलं. हा वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी भांडू.) त्यावर सगळ्यांचे चेहरे खुलले. "लढाई महिनाभर चालली तर आपलं सोनं झालं!" सगळे हसले.

मीही हसलो. माझे सोयाबीनचे अठरा कट्टे आहेत घरी. दिवाळीपासून ठेवलेत. हसता हसता मनात गुणाकार पण केला.

कुणाला एक शब्द बोललो नाही. इथं येऊन तुम्हाला ऐकवायलोय.

शेतकऱ्यानं भावाची वाट बघू नये असं कुणी म्हणलं तर मी त्याच्याशी भांडेन. दरवेळी आपणच मातीत जायचं का? तेही खरंच आहे. पण तो गुणाकार करताना खारकीव्हचं तळघर डोळ्यासमोर आलं नाही, चाची आल्या नाहीत. त्या आल्या घरी परत येताना, गाडीवर, गार वारं लागल्यावर.

काल संध्याकाळी २१९ जण बुखारेस्टहून मुंबईत उतरले. युक्रेनचं आकाश बंद, म्हणून आधी बसनं रोमानियाची हद्द गाठायची, मग विमान. नव्वदलाही असंच होतं. कुवेतमधून बगदादमार्गे जॉर्डन, अन् अम्मानहून एअर इंडियाचं विमान. लाखाच्यावर माणसं आणली तेव्हा. अम्मान पेपरात पहिल्यांदा आलं तेव्हा चाची म्हणाल्या, किधर है दिखा. मी शाळेचा नकाशा आणला. त्यांनी कुवेतवर अंगठा ठेवला अन् करंगळी अम्मानपर्यंत पोचते का बघितलं. पोचली. "नजदीकच है," म्हणाल्या. मधे सगळं वाळवंट होतं, ते मी सांगितलं नाही.

चाचा सप्टेंबरच्या शेवटी आले. एक पिशवी अन् पाण्याचा प्लास्टिकचा कॅन. सगळा वाडा गोळा झाला, पण ते फार काही बोलले नाहीत. हद्दीवरच्या तंबूत पाण्याला लाईन लागायची, एवढंच. तो कॅन पुढं कितीतरी वर्षं त्यांच्या मोरीत होता. कुणी त्याला हात लावलेला चाचींना खपायचं नाही.

ग्रुपवर आत्ता हुळ्याचे फोटो आलेत. मी मागच्या रांगेत, तोंड काळं, हसायलोय. त्याखाली त्या शहाण्यानं टाकलंय, "उद्या मार्केट बघून सांगतो, तोपर्यंत कुणीच विकू नका."

बायको विचारायलीय, कट्ट्यांचं काय करायचं. अजून काही सांगितलं नाही तिला.