व्हॅनमधला स्टोव्ह

जानेवारीतला रविवार, सकाळचे 9, बाहेर उणे 11. म्युनिकजवळच्या आमच्या गल्लीत मी जुन्या डिझेल व्हॅनखाली उताणा पडलो होतो. पाठीखाली पुठ्ठा, तोंडात टॉर्च. गॅरेजच्या उबेत हे करता आलं असतं, पण धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून उघड्यावर. रविवारी इथे ठोकाठोक चालत नाही, त्यामुळे शिव्याही मनातल्या मनात द्याव्या लागत होत्या.

दुखणं हीटरचं. इंजिन बंद असताना टाकीतलंच डिझेल जाळून आत गरम हवा सोडणारा हा डबा आमच्या सीटखाली बसतो. गेल्या हिवाळ्यात गुणी बाळासारखा चालला. परवा मात्र डोंगरात मुक्कामाला गेलो आणि साहेबांनी संप पुकारला. रात्र आम्ही स्वेटर, जॅकेट आणि कानटोप्या घालून, एकमेकांशी न बोलता काढली.

बटण दाबलं की पंखा घुर्र करतो, मग पंप टिक, टिक, टिक करतो आणि ज्योत लागली नाही की सगळं थांबून दिवा लुकलुकायला लागतो. ते लुकलुकणं मोजायचं, तो बिघाडाचा आकडा. मी मोजले आठ, बायकोने सात.

"तू मध्येच शिंकलास," ती म्हणाली.

फेरमोजणीसाठी पुन्हा बटण दाबलं. मग पुन्हा. सलग काही वेळा पेटला नाही की हा हीटर स्वतःला कुलूप लावून घेतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. घरात रुसणारे दोघं होतेच, हा तिसरा. वर्कशॉपला फोन केला, तर त्यांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

तेवढ्यात सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल. मी तिला सगळी यंत्रणा समजावली: आधी ग्लो प्लग तापून लाल होतो, मग पंप थेंब थेंब डिझेल सोडतो, ते जाळीवर पसरून पेटतं, पंखा हवा पुरवतो.

"म्हणजे स्टोव्हच की रे," आई म्हणाली. "रॉकेल आहे का त्यात?"

"आई, हे कंट्रोल युनिटवर चालतं."

"असेल. आम्ही आधी काकडा लावायचो, बर्नर तापला की पंप मारायचो. तरी नाही पेटला, तर पिन करायची."

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. आईने बर्नरपर्यंत आणून सोडलं हे मान्य करायला मला अर्धा दिवस लागला. आधी इंजिनिअरला शोभेल असा मल्टिमीटर काढला. बॅटरी 12.6 व्होल्ट. ग्लो प्लग सुरुवातीला दहाएक अँपिअर ओढतो, तेव्हा अशक्त बॅटरी मान टाकते. आमची टाकत नव्हती. मग प्लग उपसला. त्याच्याभोवतीची इवलीशी जाळी काजळीने लिंपून गेली होती, जुन्या चुलीच्या मागच्या भिंतीसारखी. दोष माझाच. डिझेल वाचावं म्हणून मी हीटर कायम सगळ्यात मंद ठेवायचो, आणि सतत मंद जाळला की तो काजळी धरतो. जाळी साफ करून बसवली, फ्यूज काढून परत लावला, कुलूप उघडलं, बटण दाबलं.

घुर्र. टिक, टिक. आणि लुकलुक. या वेळी दोघांचेही आठ आले, एवढीच प्रगती.

शेजारचे आजोबा केव्हापासून खिडकीतून बघत होते. त्यांची हयात ट्रक दुरुस्तीत गेलेली. ते चपला बदलून खाली आले आणि थेट धुराड्याच्या नळीशी वाकले. पांढरा धूर आला तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. नळीतून धुराची रेघही नव्हती.

मग इंधनाची बारीक नळी सोडवून खोकल्याच्या औषधाच्या टोपणात धरली. पंप टिकटिकला. एक थेंब आला, मग बुडबुडा, मग नुसतेच बुडबुडे. मी म्हटलं, सापडलं! कुठेतरी हवा ओढतोय! पुढचा तासभर मी बधिर बोटांनी एकेक क्लॅम्प आवळत बसलो. आजोबा शांतपणे पुढच्या सीटवर बसले आणि किल्ली फिरवून काटा बघितला.

"टाकीत एवढंच?"

"पावाच्या जरा खाली. पण गाडी चालते की."

सहा वर्षांच्या शेजारात आजोबांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. हीटरची नळी टाकीच्या तळापर्यंत मुद्दामच नेत नाहीत, त्यांनी सांगितलं. नाहीतर रात्रभर तुम्ही उबेत झोपाल आणि सकाळी पंपापर्यंत जायलाही डिझेल उरणार नाही. इंजिनासाठी राखलेलं ते डिझेल हीटरला दिसतच नाही. आणि मी पडलो दर वेळी मोजून 20 युरोचं भरणारा.

टाकी भरून आलो. पंप टिकटिकत राहिला, तिसऱ्या प्रयत्नाला नळीतून पांढऱ्या धुराचा लोट उठला, हीटर म्हाताऱ्यासारखा खोकला आणि घरघरायला लागला. व्हॅनमध्ये आलेल्या गरम हवेला डिझेलचा वास होता. आम्ही दोघांनी हात पुढे केले, आजोबांनीही केले.

संध्याकाळी पुन्हा आई. "काय निघालं रे शेवटी?"

"काजळी होती," मी म्हणालो.

"आणि रॉकेल नव्हतं!" मागून बायको ओरडली.